यंत्राने फितवलेला मित्र

“माझा जिवाभावाचा मित्र आता माझा राहिला नाही. त्याचा तरी काय दोष? कुणीतरी यंत्र लावून त्याचे मन फिरवले आहे. तो बोलतो ते त्याचे बोलणे नाही, यंत्र त्याच्या तोंडून बोलते.”

रात्री दोन वाजता घरातला तरुण मुलगा आईला उठवून असे सांगू लागला, तर त्या माऊलीने काय करावे? शेजारीण म्हणेल, करणी झाली. मामा म्हणेल, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. कुणी म्हणेल, नाटक करतो, दोन ठेवून द्या. आणि ज्याच्यावर आळ घेतला तो मित्र म्हणेल, “याच्यासाठी मी एवढे केले आणि हा मलाच वैरी ठरवतो!” दुसऱ्या दिवसापासून तो येणे बंद करील. आजाराने एक मित्र दूर केला आणि लोकांच्या अज्ञानाने तो कायमचा तोडला, असे मग होते.

वाचकहो, ही तक्रार आजची नाही आणि आपल्याच वस्तीतली नाही. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आणि शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात माणसांनी हेच सांगितले होते. डॉक्टरांनी ते लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येते.

व्हिएन्नाची नतालिया

व्हिक्टर टाऊस्क हे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील डॉक्टर. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांच्या शिष्यवर्गातले. १९१९ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना ‘आपल्यावर यंत्र चालवले जाते’ असे वाटते अशा रुग्णांविषयी तो होता. त्यात नतालिया अ. या नावाने एका एकतीस वर्षांच्या स्त्रीची हकिगत आहे. ती शिकलेली होती, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी होती. कानाच्या विकारामुळे तिला कित्येक वर्षे ऐकू येत नव्हते, म्हणून ती लिहूनच बोलत असे.

तिचे म्हणणे असे की, बर्लिनमध्ये तयार झालेले एक विजेचे यंत्र साडेसहा वर्षांपासून तिला छळते आहे. त्या यंत्राचा आकार माणसाच्या शरीरासारखा, किंबहुना तिच्याच शरीरासारखा आहे. यंत्रावर कुणी प्रहार केला की त्याच जागी तिला वेदना होते. यंत्र चालवणारा माणूस तिच्या नाकाशी दुर्गंध आणतो, तिला स्वप्ने पाडतो, ती विचार करू लागली की त्यात अडथळा आणतो. हे सारे कोण करते? तर एका प्राध्यापकाने तिला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता. तो सूड घेतो आहे, असे ती सांगे.

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्या. ती म्हणे की यंत्राचा अंमल फक्त आपल्यावर नाही. आपली आई, आपले मित्र-मैत्रिणी, आपल्याला तपासणारे डॉक्टर, म्हणजे जे जे आपले भले चिंतीत होते, ते सगळे एकामागून एक यंत्राच्या ताब्यात गेले.

टाऊस्क तिला भेटत, तिचे लिहिलेले वाचत, शांतपणे विचारत. पहिल्या दोन भेटी बऱ्या गेल्या. तिसऱ्या भेटीत मात्र ती बोलेना. तिने एवढेच कळवले की, तुम्हीही आता त्या यंत्राच्या ताब्यात गेला आहात, माझे वैरी झाला आहात, यापुढे आपले एकमेकांना काही समजणार नाही. जो मदतीला आला तोच शेवटी फितूर ठरला. या आजाराचा पहिला घाव विश्वासावर बसतो आणि तोही सर्वांत जवळच्या माणसावरच्या विश्वासावर.

लंडनचा हवेचा माग

त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, लंडनमध्ये जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा चहाचा व्यापारी होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती आणि इंग्लंड-फ्रान्स युद्धाचे ढग जमले होते. हे युद्ध टळावे म्हणून मॅथ्यूजने पॅरिसच्या वाऱ्या केल्या, मध्यस्थी करून पाहिली. पण १७९३ साली तिथली सत्ता पालटली. नव्या सत्ताधाऱ्यांनी त्याला हेर समजून अटक केली आणि सुमारे तीन वर्षे कैदेत ठेवले. १७९६ मध्ये, हा वेडा आहे असे ठरवून, त्याला सोडून दिले.

लंडनला परतल्यावर त्याने सरकारातील लॉर्ड लिव्हरपूल यांना पत्रे लिहिली, तुम्ही माझा आणि देशाचा विश्वासघात केला असा आरोप केला. पुढे पार्लमेंटच्या सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जातून तो ‘देशद्रोह!’ असे ओरडला. जानेवारी १७९७ मध्ये त्याची रवानगी बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिथे तो सतरा वर्षे राहिला.

त्याचा समज असा होता की, लंडनच्या जुन्या तटबंदीजवळच्या एका तळघरात सात जणांची टोळी ‘हवेचा माग’ नावाचे यंत्र चालवते. चार पुरुष आणि तीन बायका. टोळीचा म्होरक्या बिल, हिशेब लिहून ठेवणारा ‘मास्तर’ आणि यंत्र चालवण्यात सर्वांत तरबेज अशी ‘हातमोजेवाली’. पिंपांतल्या कुजक्या वाफांवर ते यंत्र चाले. त्यातून अदृश्य धागे निघत आणि माणसाच्या मेंदूत शिरत. छळाच्या प्रत्येक प्रकाराला त्याने नाव दिले होते. एका प्रकाराला तो ‘पतंग उडवणे’ म्हणे. पोरे जशी पतंग आभाळात चढवतात तशी टोळी एखादी कल्पना डोक्यात चढवते आणि तासन्तास ती तिथे तरंगत ठेवते. ‘विचार बनवणे’ म्हणजे मनातला खरा विचार शोषून घेऊन दुसराच विचार आत भरणे.

अशा टोळ्या जागोजाग आहेत आणि मोठमोठे मंत्रीही त्यांच्या यंत्रावर नाचतात, असे तो मानी. आपला विश्वासघात कसा झाला याचे उत्तर त्याला त्या यंत्रात सापडले होते.

गिरणीत साचेखात्यावर राबलेली माणसे ज्यांच्या घरात आहेत त्यांना माग म्हणजे काय हे सांगायला नको. मॅथ्यूजच्या काळात यंत्रमाग नुकताच निघाला होता, कार्टराईटने त्याचे पेटंट १७८५ साली घेतले होते. त्या काळचे ते सर्वांत अचाट यंत्र! शिवाय पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा वैद्य अदृश्य ‘चुंबकीय प्रवाहा’ने रोग बरे करण्याचा दावा करीत असे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते, तो दावा तपासला. चुंबकप्रवाह सोडला आहे असे नुसते वाटले तरी रुग्णांना झटके येत आणि खरोखर सोडला पण त्यांना कळू दिले नाही तर काहीच होत नसे. म्हणजे प्रवाह नव्हता, समजूत होती. पण लोकांच्या बोलण्यात तो प्रवाह राहिलाच. मॅथ्यूजच्या आजारी मनाने माग आणि प्रवाह एकत्र करून आपले यंत्र उभे केले.

असे यंत्र खरेच असते का?

घरातली शिकलेली पोरे विचारतील, सरकारे असले प्रयोग करीत नव्हती का? करीत होती, हे खरे आहे. अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तहेर खात्याने १९५३ पासून ‘एम.के. अल्ट्रा’ या नावाखाली माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग केले. नकळत लोकांना एल.एस.डी. हे अमली द्रव्य पाजले. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला त्याच्या सोबतच्याच माणसांनी पेयातून ते दिले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. पाजलेल्या द्रव्याची गोष्ट त्याच्या कुटुंबाला १९७५ साली, म्हणजे बावीस वर्षांनी कळली.

एवढे पैसे, एवढी क्रूरता खर्च करूनही दुसऱ्याचे मन दुरून चालवणारे साधन त्यांना मिळाले नाही. इथे विश्वासघात खरा होता. तो मात्र यंत्राने केला नव्हता, शुद्धीवर असलेल्या माणसांनी केला होता.

म्हणून दोन गोष्टी मनात ठेवाव्या. एक, मित्राचे मन दुरून फिरवणारे यंत्र, लहर, चिप किंवा मंत्र नाही. दोन, रुग्णाचा प्रत्येक शब्द खोटा असतो असेही नाही. मॅथ्यूजचे यंत्र खोटे होते, पण त्याची मध्यस्थी खरी होती आणि कैदही खरी होती. रुग्ण म्हणतो की घरात कुणी मला मारते, माझे पैसे घेते, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. ‘वेडा आहे’ हा शब्द कुणाच्या अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी वापरू नये.

मग हे घडते कसे?

आपल्या डोक्यात आलेला विचार आपलाच आहे, हे निरोगी माणसाला कुणी सांगावे लागत नाही. मेंदूच ती खूण पटवतो. स्किझोफ्रेनिया या आजारात ती खूण पुसली जाते. आपलाच विचार परका वाटतो, कुणी आत घातल्यासारखा. आपल्याच मनातला शब्द बाहेरून आवाज यावा तसा ऐकू येतो. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा तोल बिघडला की क्षुल्लक गोष्टींना भलता अर्थ येतो. मित्र दारात खोकला, तर ती खूण. त्याने मोबाईल पालथा ठेवला, तर तोही कट.

मग मन या भयंकर अनुभवाचे कारण शोधू लागते आणि जवळ जे सापडेल ते उचलते. लंडनमध्ये माग होता, व्हिएन्नात विजेचे यंत्र. पुढे रेडिओ आला, टी.व्ही. आला, आता मोबाईल, कॅमेरा आणि उपग्रह आले. आपल्या खेड्यापाड्यांत याच अनुभवाला करणी आणि भानामती म्हणत. शहरात आलेला नातू चिप म्हणतो. नाव बदलले, आजार तोच आहे.

आणि मित्रावरच संशय का? कारण रोज दिसतो तो मित्र. त्याचा चेहरा, त्याची नजर, त्याचे थांबणे हेच रुग्ण सर्वांत जास्त न्याहाळतो. शिवाय प्रेमाच्या माणसाला थेट दुष्ट म्हणवत नाही. ‘तो नाही, त्याच्यामागचे यंत्र दुष्ट आहे’ असे म्हटले की थोडी माया शिल्लक राहते. त्या शिल्लक मायेला धरूनच पुढे रुग्णाला परत आणता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दर तीनशे माणसांमागे सुमारे एकाला हा आजार असतो. बहुधा तो तारुण्यात, कॉलेजच्या किंवा नोकरीला लागण्याच्या वयात सुरू होतो. यात आईच्या संस्कारांचा दोष नाही, कुणाच्या पापाचा नाही. गांजाने मात्र तो उद्भवण्याचा आणि चिघळण्याचा धोका वाढतो, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

साखळी आणि आग

मॅथ्यूजच्या काळी या आजारावर औषध नव्हते. होती ती कोठडी आणि साखळी. १८१४ साली एडवर्ड वेकफिल्ड हे समाजसुधारक बेथलेम पाहायला गेले, तेव्हा जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण दहा वर्षांहून अधिक काळ लोखंडी साखळदंडात जखडलेला त्यांना आढळला. १८१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली आणि पुढच्या वर्षी जॉन हॅस्लम या तिथल्या वैद्याला काढून टाकण्यात आले. याच हॅस्लमने १८१० साली मॅथ्यूजवर पुस्तक लिहिले होते.

आपण म्हणू, ती गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे काय झाले? दर्ग्याच्या आसऱ्याने चालवलेल्या एका आश्रयस्थानात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. पहाटे झोपडीला आग लागली. पळता न आल्याने २८ जण मृत्यू पावले. घरच्यांनी त्यांना बरे व्हावे म्हणूनच तिथे ठेवले होते.

आज कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हे उपचार विनामूल्य आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा आहे. तेव्हा भगताकडे जाण्यात पैसा आणि महिने घालवू नका. उपचार जितका उशिरा, तितका आजार हट्टी होतो.

घरच्यांनी काय करावे

वाद घालू नका. ‘यंत्र नाहीच’ हे शंभर वेळा पटवून काही होत नाही, उलट तुम्हीही फितूर ठरता.

हो ला हो करू नका. ‘होय, यंत्र आहे, आपण तोडून टाकू’ असे म्हणालात तर भ्रम पक्का होतो. एवढेच म्हणा, “मला ते यंत्र दिसत नाही. पण तुला त्रास होतो आहे हे मला दिसते. मी तुझ्याजवळ आहे.”

चारचौघांत हसू नका. चाळीत, बिरादरीत त्याची नक्कल होऊ देऊ नका. रुग्णाला ऐकू येत असते आणि लक्षातही राहते.

झोप आणि जेवण यांवरून डॉक्टरकडे न्या. भ्रमावर औषध घे म्हटले तर तो नाही म्हणेल. ‘रात्र रात्र झोप नाही, चल, झोपेसाठी दाखवू’ म्हटले तर बहुधा येईल. डॉक्टरांना मात्र सगळे खरे सांगा.

कुठे न्यावे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषध मध्येच बंद करू नका. या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले. त्यानंतर अनेक निघाली. सुस्ती, वजन वाढणे, हात थरथरणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलतील. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या की आजार उलटतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की या आजाराचे निदान तीनांपैकी किमान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. आणखी कितीतरी जण औषध घेत घेत नोकरी करतात, संसार करतात.

आणि मित्राने काय करावे

मॅथ्यूजची हकिगत अजून पुरी झालेली नाही. १८०९ साली त्याच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. क्लटरबक आणि बर्कबेक या दोन डॉक्टरांनी त्याला तपासून, हा मोकळा राहू शकतो, असे सांगितले. यांतले डॉ. जॉर्ज बर्कबेक म्हणजे लंडनमधील कामगारांसाठी १८२३ साली शिक्षणसंस्था काढणारे गृहस्थ. सुटका झाली नाही. पण आपल्या माणसांनी पाठ सोडली नाही. १८१४ मध्ये त्याला हॅक्नी येथील एका खाजगी उपचारगृहात हलवण्यात आले. तिथे साखळी नव्हती, काम होते. तो हिशेबाच्या वह्या लिही, बागेत राबे, सगळ्यांना हवासा झाला. इस्पितळातच तो नकाशे काढायला शिकला होता. बेथलेमच्या नव्या इमारतीसाठी त्याने काढलेल्या आराखड्याबद्दल विश्वस्तांनी त्याला ३० पौंड बक्षीस दिले होते. ज्या भिंतींनी त्याला कोंडले, त्यांच्यापेक्षा बऱ्या भिंती कशा असाव्यात हे त्याने कागदावर मांडले. जानेवारी १८१५ मध्ये तो वारला.

म्हणून ज्याला ‘फितूर’ म्हटले गेले त्या मित्राला सांगणे आहे. तो शब्द मनाला लावून घेऊ नका. तापात बरळणाऱ्या माणसाचे बोलणे आपण धरून बसतो का? हा मेंदूचा ताप समजा. काही दिवस समोर जाऊ नका, त्याला तुमची भीती वाटत असेल. पण आईला विचारा, औषध आणायचे आहे का. इस्पितळाच्या रांगेत तिच्यासोबत उभे राहा. तो सावरला की एक दिवस दारात जा, जुन्या गोष्टी उकरू नका, ‘चल, चहा घेऊ’ म्हणा.

त्याच्या मनात यंत्राने फितवलेला एक मित्र घर करून बसला आहे. त्याला हुसकायला खरा मित्र दारात दिसत राहिला पाहिजे.